मूल कोणाच्या हाती सोपवायचे, हे तुमचे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व उत्पादन विभाग

विषय: चर्च व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतील मुलांचे चेक-इन (मूल वर्गात दाखल करून घेणे), कुटुंबाच्या नोंदी व ॲलर्जीची माहिती यांतील गंभीर दोषांबाबत.

महोदय / महोदया,

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद नोंदवही, संडे स्कूलची हजेरी, शिक्षक-स्वयंसेवकांचे वेळापत्रक आणि कुटुंबांना जाणारे संदेश हे सगळे तुमच्या सॉफ्टवेअरवर चालते. नव्या आवृत्तीत आलेले दोष आम्ही तुमच्या सपोर्टला कळवले. 'सूचनेची नोंद घेतली आहे' असे उत्तर देऊन ती तिकिटे, म्हणजे आमच्या तक्रारींच्या नोंदी, बंद करण्यात आली. या सूचना नव्हेत, तक्रारी आहेत. पालक उपासनेत असतात तेव्हा मूल आमच्या ताब्यात असते आणि उपासना संपल्यावर ते योग्य माणसाच्याच हाती परत जायला हवे. तुमच्या चेक-इनचा सगळा भर रांग भराभर पुढे सरकण्यावर आहे. मूल परत देण्याची बाजू मात्र कच्ची आहे.

आधी सुरक्षा कोडबद्दल. चेक-इन झाले की दोन गोष्टी छापल्या जातात: मुलाच्या अंगावर लावायचे स्टिकर आणि पालकाने जवळ ठेवायची पावती. दोन्हींवर एकच कोड असतो आणि मूल नेताना शिक्षक तो जुळवून पाहतात. जुन्या आवृत्तीत हा कोड चार अक्षर-अंकांचा होता. नव्या आवृत्तीत तो तीन अंकांचा झाला आहे आणि तो त्या सत्रात आधी कोणाला दिला गेला आहे का, हे तपासलेच जात नाही. तीन अंकांत फक्त १००० कोड होतात. ४० कुटुंबांना कोणताही क्रम न ठेवता असे कोड वाटले, तर कुठल्या तरी दोन कुटुंबांचा कोड सारखा निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणजे हा क्वचित घडणारा अपघात नाही, भरलेल्या रविवारी तो वारंवार घडणार. इंग्रजी अक्षरे आणि अंक मिळून ३६ चिन्हे होतात. त्यातून एकमेकांसारखी दिसणारी शून्य व ओ, एक व आय ही चार वगळली, तरी चार स्थानांच्या कोडचे १० लाखांहून अधिक प्रकार मिळतात. तरीही नशिबावर काही सोडू नये: कोड देण्यापूर्वी तो त्या सत्रात वापरला गेला नाही ना, एवढी तपासणी ठेवलीच पाहिजे.

पावती हरवल्यावर काय होते, तेही पाहा. 'पुन्हा छापा' दाबले की त्याच कोडची दुसरी पावती निघते आणि हरवलेली पावतीही तेवढीच चालू राहते. ती जमिनीवर पडलेली कोणालाही सापडू शकते. पुन्हा छापताना नवा कोड तयार व्हायला हवा, जुना रद्द व्हायला हवा आणि मुलाचे स्टिकरही त्याच वेळी वर्गातल्या प्रिंटरवर नव्याने निघायला हवे. हे शेवटचे राहून गेले, तर खऱ्या पालकाची नवी पावती मुलाच्या जुन्या स्टिकरशी जुळणार नाही आणि दारात गोंधळ होईल. शिवाय शिक्षक डोळ्यांनी कोड जुळवतात, त्यामुळे रद्द झालेला कोड वर्गाच्या टॅबलेटवरील यादीत लाल दिसला नाही, तर तो रद्द केल्याचा काहीच उपयोग नाही.

आमची सर्वांत गंभीर तक्रार कुटुंबाच्या नोंदीबद्दल आहे. तुमच्या रचनेत एक मूल एकाच कुटुंबात असू शकते आणि त्या कुटुंबातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मूल नेण्याची परवानगी आपोआप मिळते. आई-वडील वेगळे राहतात, मूल आलटून पालटून दोन्हीकडे असते, आजी किंवा मामा न्यायला येतात, एखाद्या नातेवाइकाला न्यायालयाच्या आदेशाने मूल नेण्यास मनाई असते. कुटुंबसेवा करणाऱ्या कोणत्याही मंडळीत या गोष्टी नित्याच्या आहेत. परवानगी कुटुंबाला नव्हे, एका मुलापुरती आणि एका व्यक्तीपुरती हवी. तिला सुरू होण्याची व संपण्याची तारीख हवी आणि 'मनाई' ही वेगळी, ठळक स्थिती हवी. मनाईचा मजकूर स्टिकरवर कधीही छापू नये. वर्गप्रमुख आणि चेक-आउट करणारी, म्हणजे मूल परत देणारी, व्यक्ती यांनाच तो पडद्यावर दिसावा.

यातलाच एक धोका अधिक वाईट आहे. मूल वर्गात दाखल झाले की 'तुमचे मूल अमुक वर्गात आले आहे' असा संदेश कुटुंबातील सर्व प्रौढांच्या फोनवर आपोआप जातो. ज्याला मनाई आहे त्याचे नाव कुटुंबाच्या नोंदीत असेल, तर मूल या क्षणी कोणत्या इमारतीत आणि कोणत्या वर्गात आहे, हे तुमचे सॉफ्टवेअर त्याला स्वतःहून कळवते. संदेश बंद करायचा, तर तो सगळ्या मंडळीसाठीच बंद होतो. एका व्यक्तीपुरता बंद करण्याची सोय नाही. या एका दोषावर तुम्ही आजच काम सुरू करावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

दोन घरांची सोय नसल्यामुळे मंडळ्या त्याच मुलाची दोनदा नोंद करतात. दुसरा मार्गच नसतो. मग एका नोंदीत ॲलर्जी लिहिलेली असते, दुसरीत नसते, आणि मूल कोणत्या घरातून आले त्यावर स्टिकरवर काय छापले जाईल हे ठरते. हजेरीही दोन्हीकडे विभागली जाते. 'सलग तीन आठवडे गैरहजर' या यादीत दर आठवड्याला येणारे मूल दिसू लागते, आणि खरोखर भेट देण्याची गरज असलेले कुटुंब त्या खोट्या नावांखाली दबून जाते. पाळक आणि भेटीला जाणारे स्वयंसेवक या यादीवरच विसंबतात.

यावर 'नोंदी एकत्र करा' हे बटण आहे, पण ते वापरणे आम्ही थांबवले आहे. ते नंतर तयार झालेली नोंद मुख्य धरते आणि तिच्यातली रिकामी जागाही जुन्या नोंदीतल्या भरलेल्या मजकुरावर बसवते. जुन्या नोंदीत ॲलर्जी असेल आणि नव्या नोंदीत ती जागा कोरी असेल, तर एकत्र केल्यावर ॲलर्जी पुसली जाते. कोणतीही सूचना येत नाही आणि ही क्रिया मागेही घेता येत नाही. रिकाम्या जागेने भरलेला मजकूर कधीच पुसला जाऊ नये. दोन्हीकडे वेगळा मजकूर असेल, तर माणसाला विचारावे. वैद्यकीय माहितीच्या बाबतीत दोन्ही मजकूर राखावेत आणि पालकांकडून खात्री होईपर्यंत तशी खूण दाखवावी.

ॲलर्जीच्या छपाईतही तेवढाच गंभीर दोष आहे. स्टिकरवर त्या रकान्यातील पहिली २० चिन्हेच छापली जातात आणि उरलेला मजकूर न सांगता कापला जातो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात. 'शेंगदाणे' या चार अक्षरांच्या शब्दालाच आठ चिन्हे लागतात. आता 'दूध चालते, शेंगदाणे नाही' ही नोंद घ्या. विसावे चिन्ह 'शेंगदाणे'नंतरच्या मोकळ्या जागेवर संपते. स्टिकरवर उरते 'दूध चालते, शेंगदाणे', म्हणजे लिहिले त्याच्या नेमके उलट. त्या दिवशी वर्गात आलेला बदली शिक्षक एवढेच वाचून मुलाच्या हातावर खाऊ ठेवील. ॲलर्जीचे पदार्थ ठरावीक यादीतून निवडण्याची सोय करा. ते 'टाळा:' या शब्दाने सुरू होऊन छापले जावेत. मोकळा मजकूर वेगळ्या रकान्यात ठेवा आणि जागा पुरत नसेल, तर 'पूर्ण माहिती वर्गयादीत पाहा' असे छापा. तातडीचे औषध किंवा इंजेक्शन कुठे ठेवले आहे, यासाठी वर्गयादीत स्वतंत्र रकाना हवा.

जन्मतारखांचा दोष त्यामानाने छोटा वाटेल, पण त्याचे कारण आम्ही शोधून काढले आहे, म्हणून लिहितो. तारीख साठवताना तिला स्थानिक मध्यरात्रीची वेळ जोडली जाते आणि मग ती जागतिक प्रमाणवेळेत बदलली जाते. त्या प्रमाणवेळेच्या पूर्वेला असलेल्या प्रदेशात ही वेळ आदल्या दिवशीची ठरते. १ जूनचा वाढदिवस ३१ मे होतो आणि वर्गबदलाची सीमा १ जून असेल, तर मूल चुकीच्या वर्गात जाते. जन्मतारीख ही निव्वळ तारीख म्हणून साठवा, तिला वेळ लागत नाही.

इंटरनेट गेल्यावर प्रत्येक कियॉस्क, म्हणजे दारात ठेवलेले चेक-इनचे यंत्र, स्वतःचे कोड तयार करतो आणि सगळे कियॉस्क एकाच आकड्यापासून सुरुवात करतात. दोन दारांवर दोन कियॉस्क असतील, तर दोन्हीकडे पहिल्या कुटुंबाला एकच कोड मिळतो. कियॉस्कच्या नावाचे एक अक्षर कोडच्या सुरुवातीला लावले, तरी हा प्रश्न सुटेल. अशा वेळी वर्गयादी टॅबलेटवर उघडतही नाही. आग लागून इमारत रिकामी करावी लागली, तर कोणती मुले बाहेर आली हे मोजायला तीच यादी लागते. ती उपकरणावर साठवलेली असावी आणि चेक-इन संपल्यावर कागदावर आपोआप छापली जावी.

कियॉस्कवर फोनचे शेवटचे चार अंक टाकले की जुळणाऱ्या सर्व कुटुंबांचे पूर्ण नाव, पत्ता आणि मुलांचे फोटो पडद्यावर येतात. चार अंकांचे फक्त १०,००० प्रकार असतात. दारात उभा असलेला कोणीही अंदाजाने अंक टाकून मुलांची माहिती पाहू शकतो. तिथे फक्त पहिली नावे दाखवा.

स्वयंसेवकांच्या वेळापत्रकात पार्श्वभूमी तपासणीची मुदत संपलेली व्यक्ती वर्गाला नेमता येते. फक्त एक पिवळी खूण दिसते. तिथे नेमणूकच अडवली गेली पाहिजे. प्रत्येक वर्गात एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात, असा नियम अनेक मंडळ्या पाळतात. पण तुमची प्रणाली पती-पत्नीला दोन धरून नियम पूर्ण झाल्याचे दाखवते. कुटुंबाची माहिती तुमच्याकडेच असताना ही चूक समजण्यासारखी नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. दाखल झाल्याचा आपोआप जाणारा संदेश आणि नोंदी एकत्र करण्याचे बटण हे दोन्ही, दुरुस्ती होईपर्यंत, सर्व ग्राहकांसाठी बंद करावे व त्याचे कारण सर्वांना लेखी कळवावे. नवी आवृत्ती आल्यापासून आमच्या खात्यात एकत्र झालेल्या सर्व नोंदींची आधीची प्रत बॅकअपमधून काढून द्यावी, म्हणजे पुसलेली वैद्यकीय माहिती आम्ही पालकांकडून पडताळून घेऊ. कोडची जुनी पद्धत आम्हाला तत्काळ परत द्यावी. ॲलर्जीची छपाई आणि मूल नेण्याची परवानगी यांच्या दुरुस्तीची निश्चित तारीख कळवावी. तोपर्यंत आमचे चेक-इन कागदी वहीवर आणि दोन भागांच्या क्रमांकित चिठ्ठ्यांवर चालेल, म्हणून त्या काळाचे चेक-इन सेवेचे शुल्क आकारू नये.

यांपैकी काही जमणार नसेल, तर आमचा सर्व डेटा द्यावा. निव्वळ नावांची यादी चालणार नाही. कोण कोणाचे पालक, कोणाला परवानगी, कोणाला मनाई, आणि कोणी कोणता बदल कधी केला याची नोंद त्यात हवी. सध्याच्या निर्यात फाइलमध्ये नात्यांचा रकानाच नाही.

प्रत्येक दोष पुन्हा कसा घडवून पाहता येईल, याच्या पायऱ्या आणि पडद्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. त्यांत कोणत्याही खऱ्या मुलाची माहिती नाही. उत्तर निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीकडून, नावासह आणि लेखी यावे.

कळावे,

आपले,
बालसेवा व कुटुंबसेवा समिती