पडदा धरून ठेवणाऱ्या हातांना

शनिवारी लातुरात दुष्काळावरचा माहितीपट ऐन रंगात आला आणि वीज गेली. शेजारच्या मंडपवाल्या दादांनी न विचारता जनरेटर आणून दिला, पैशाचं नाव काढू दिलं नाही. वाऱ्यानं फडफडणारा पडदा कॉलेजच्या दोन पोरांनी शेवटपर्यंत धरला.

नंतर छायाचित्रकार २०१६ च्या एप्रिलमधले फोटो दाखवत होते, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या दिवसांतले. मागून एक मावशी उठल्या, घागरींच्या रांगेतली स्वतःची जागा बोट ठेवून दाखवली आणि बोलू लागल्या. पुढचा अर्धा तास त्यांचाच. छायाचित्रकार खाली बसून ऐकत राहिले.

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुमचे, दादांचे, त्या पोरांचे मनापासून आभार. त्या फोटोची प्रत काढून ठेवली आहे, नक्की घेऊन जा.