निर्वासितांच्या मनाचं काय?

मा. संपादक,

निर्वासितांच्या बातम्यांमध्ये तंबू, रेशन, लसीकरण सगळं येतं, पण मनाचं काय याबद्दल कोणी बोलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार युद्धाची झळ बसलेल्या भागात पाचातल्या एका माणसाला डिप्रेशन, एन्झायटी, पीटीएसडी (म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर बसलेला आणि न जाणारा धक्का) असा कुठला ना कुठला मानसिक त्रास असतो, हे प्रमाण काही थोडं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते दुभाष्याचं. नव्या देशात भाषा येत नाही म्हणून दवाखान्यात आठ-दहा वर्षांचं लेकरूच आईचं बोलणं डॉक्टरला सांगत बसतं, आता आपल्यावर काय गुदरलं ते ती माऊली पोटच्या पोरासमोर कसं सांगणार? मग डोकं दुखतं, झोप लागत नाही एवढंच सांगते आणि गोळ्या घेऊन परत जाते.

सायकियाट्रिस्ट कमी आहेत हे कबूल, पण त्यावाचून सगळं अडतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचीच 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' नावाची पद्धत आहे, त्यात ट्रेनिंग घेतलेली साधी माणसं पाच बैठकांमध्ये ताण हाताळायला शिकवतात, वर तज्ज्ञांची देखरेख असतेच. निर्वासितांमधल्याच शिकलेल्या मुलामुलींना हे ट्रेनिंग द्या आणि त्याचा पगारही द्या, फुकट राबवू नका. आणि दवाखान्यात दुभाषी मोठा माणूसच हवा, हा नियम तर लगेच करता येईल.

- एक वाचक