रात्रवस्तीच्या गाडीतल्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

माझा वर्षभराचा प्रशिक्षणाचा काळ गेल्या महिन्याच्या अखेरीस संपला. संस्थेला द्यायच्या अहवालात किती बैठका घेतल्या, किती स्वयंसेवक जोडले गेले, किती नोंदी तपासून पुढे पाठवल्या, असे रकाने होते आणि ते सगळे मी भरले. तुमच्यासाठी मात्र त्यात रकाना नव्हता. 'सहकार्य करणारे ग्रामस्थ' या एका ओळीत तुम्हाला बसवून तो कागद मिटणे मला जमेना, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की उद्या दुसऱ्या एखाद्या तालुक्यात असेच काम करायला जाणाऱ्या मुलामुलींना तुमची पद्धत कळावी.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की एसटीत चालक आपल्या वाहकाला 'मास्तर' म्हणून हाक मारतो, आणि सत्तावीस वर्षे वाहकाची नोकरी करून निवृत्त झालेल्या तुम्हाला संगमेश्वर तालुक्यातल्या त्या सात-आठ गावांत आजही सगळे मास्तरच म्हणतात. मीही तेच म्हणते.

माझे काम पक्षी पाहण्याचे आहे असा बहुतेकांचा समज होता, आणि खरे सांगायचे तर कोल्हापूरहून निघताना माझाही होता. प्रत्यक्षात ते पक्षी पाहणाऱ्यांना सांभाळण्याचे काम होते. गावातल्या हौशी माणसांनी आपल्या शिवारातले पक्षी, फुलपाखरे, बेडूक यांच्या नोंदी ठेवाव्यात, त्यांना दुर्बीण वापरता यावी, मोबाइलवरच्या ॲपमध्ये यादी भरता यावी, चुकलेले नाव दुरुस्त व्हावे, आणि २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या समितीने जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते तिच्यात या माणसांच्या माहितीला जागा मिळावी, ही व्यवस्था मी पाहायची होती. कागदावर हे सगळे सोपे दिसत होते.

मी पहिली बैठक ऑक्टोबरमध्ये सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या सभागृहात ठेवली. पंचवीस खुर्च्या मांडल्या, पडद्यावर चित्रे दाखवण्याची तयारी केली आणि दीड वाजेपर्यंत वाट पाहिली. शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेले तुम्ही तेवढे उठून आलात. भातकापणी ऐन भरात असताना अकरा वाजता घरी कोण सापडणार, हे तुम्ही इतक्या हळू आवाजात विचारलेत, की मला ओशाळे वाटू नये याचीच तुम्ही काळजी घेत होता हे मला फार उशिरा उमगले. मग म्हणालात, "बाय, रात्रवस्तीच्या गाडीने जा. माणसे रात्री घरी असतात."

मुक्कामाची गाडी संध्याकाळी गावात पोहोचते, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परतते. तुम्ही आयुष्यातल्या कितीतरी रात्री अशा ओसऱ्यांवर काढलेल्या होत्या, त्यामुळे कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोण मुंबईला गेले, कोणाला झाडाझुडपांत रस आहे हे तुम्हाला यादी न पाहता सांगता येत होते. त्या आठवड्यात तुम्ही माझ्याबरोबर तीन गावांत रात्रवस्तीला आलात. मानधन तर सोडाच, तिकिटाचे पैसेही तुम्ही मला देऊ दिले नाहीत. आमच्या पहिल्या बारा स्वयंसेवकांपैकी नऊ जण त्या तीन रात्रींत मिळाले. अंगणवाडीच्या बाई, विजेचे खांब तपासत रानोमाळ हिंडणारे वायरमन, आठवी-नववीतल्या चार मुली आणि डोंगराच्या पोटाला असलेल्या गवळीवाडीतले काका ही सगळी माणसे माझ्या फलकाला नव्हे, तुमच्या शब्दाला मान देऊन आली होती.

नोव्हेंबरात ५ ते १२ या तारखांना पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सालीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचे हे दिवस राज्य शासनाने २०२० साली त्यासाठी ठरवून दिले. त्या सप्ताहात आम्ही पहिल्यांदा एकत्र फिरलो. परत आल्यावर सगळ्यांनी चहा घेत आठवून आठवून यादी लिहायला घेतली. साळुंक्या 'पुष्कळ', बगळे 'बरेच', बुलबुल 'नेहमीचे'. मी तशीच यादी उतरवून घेत होते. तुम्ही थोडा वेळ ऐकलेत आणि मग म्हणालात, "माणूस गाडीत असताना मोजायचा. उतरून गेल्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही एक वही घेऊन आलात. शंभर पानी साधी वही, पण तिची पाने तुम्ही रात्री बसून पट्टीने आखली होती, अगदी वाहक प्रत्येक फेरीला भरतो त्या वे-बिलासारखी. वर तारीख, निघण्याची जागा, पोहोचण्याची जागा, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि सोबत किती माणसे, आणि खाली प्रत्येक थांब्याला एक आडवी ओळ. पुढचा थांबा येण्याआधी मागच्या ओळीचा आकडा बंद करायचा, कारण तपासनीस वाटेत कुठेही चढला तरी गाडीतली माणसे आणि कागदावरचा आकडा जुळलाच पाहिजे, हे तुम्ही मुलींना समजावून सांगत होता आणि मी थक्क होऊन ऐकत होते. पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर परिपूर्ण यादीसाठी नेमके हेच मागतात. किती वेळ पाहिले, किती अंतर चालले, किती जण होते आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी किती संख्येने दिसला. मला प्रशिक्षणात दोन दिवस लावून हे शिकवले गेले होते आणि तरीही त्यामागचे कारण मला दुसऱ्याला नीट सांगता येत नव्हते. तुमच्या वहीनंतर सांगण्याची गरजच उरली नाही.

अंगणवाडीच्या बाईंनी जानेवारीत लिहिणे बंद केले होते तेव्हाही तुम्हीच मदतीला आलात. विहिरीजवळच्या त्यांच्या ठरलेल्या जागी तीन आठवडे सांगण्यासारखे काहीच दिसले नाही, मग रिकामी पाने कशाला द्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना आकडेशास्त्र सांगू लागले. तुम्ही म्हणालात, की रिकामी फेरी हीसुद्धा फेरीच असते, डिझेल जळालेले असते आणि तिचेही वे-बिल भरावे लागते. ते भरले नाही तर या मार्गाला गाडी हवी की नको हे आगारात कोणाला कळणार? बाईंनी त्याच दिवशी तीन आठवड्यांची तीन पाने भरून दिली. पक्षी कुठे दिसला नाही हे ठाऊक असल्याशिवाय तो वाढला की घटला हे ठरवता येत नाही, हे वाक्य मी आता कुठेही म्हणते तेव्हा मला ती तीन पाने दिसतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमची सर्वाधिक ऋणी आहे ती सांगते. ती सांगताना माझी चूकही सांगावी लागेल.

फेब्रुवारीच्या बैठकीत गवळीवाडीच्या काकांनी त्यांच्या वहीत लिहून आणले होते, 'ककणेर २, वहाळाकडच्या बेहड्यावर'. ककणेर म्हणजे महाधनेश, चोचीवर शिंग असलेला मोठा पक्षी, असे मी पुस्तकात वाचले होते. तेवढ्या उतारावर, वाडीच्या इतक्या जवळ महाधनेश असणे मला पटले नाही, आणि मी सगळ्यांसमोर त्या ओळीवर लाल रेघ मारून बाजूला 'राखी धनेश असावा' असे लिहिले. काका काही बोलले नाहीत. पुढच्या दोन बैठकांना ते आले नाहीत आणि त्यांची वहीही आली नाही. मी समजले की त्यांना वेळ नसेल.

तुम्ही मला रागावला नाहीत. फक्त विचारलेत, की मी काकांना पुन्हा भेटायला कधी गेले होते. मी गेलेच नव्हते. नोंद माझ्याकडे आली, मी ती तपासली, माझ्या दृष्टीने काम पुरे झाले होते. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. "गाडी वर गेली एवढ्याने फेरी होत नाही. खाली आली की फेरी होते. लोक परतीच्या गाडीच्या भरवशावर घरातून निघतात."

दुसऱ्या दिवशी आपण दोघे गवळीवाडीला चढलो. काकांनी आपल्याला ताक दिले आणि मी माफी मागायला सुरुवात करताच विषय बदलून वहाळाकडे चला म्हणाले. घाणेरीच्या जाळीमागे आपण तिघे जवळजवळ पाऊण तास न बोलता बसलो. समोर सुमारे पन्नास पावलांवर तो जुना बेहडा आणि त्याच्या खोडात उंचावर ढोली होती. ढोलीचे तोंड लिंपून बंद झालेले होते आणि मधोमध बोटभर रुंदीची उभी फट तेवढी उरली होती. मग पंखांचा मोठा आवाज आला आणि नर फांदीवर उतरला. पोट पांढरे, शेपटीच्या कडा पांढऱ्या, चोचीवरच्या शिंगावर काळा डाग, आणि मान काळीभोर. महाधनेशाची मान पिवळसर असते. राखी धनेशाचा तर प्रश्नच नव्हता. तो मलबारी कवड्या धनेश होता, आणि या वाडीत त्यालाही ककणेर म्हणतात एवढाच काय तो घोळ होता. काकांनी पाहिले होते ते बरोबर होते आणि मारलेली रेघ चुकीची होती.

नराने मान झटकली, एक उंबर घशातून चोचीच्या टोकाशी आणले आणि फटीतून आत दिले. मग दुसरे, मग तिसरे. आत मादीची चोच क्षणभर दिसायची आणि नाहीशी व्हायची. तुम्ही सवयीने बोटांवर मोजत होता. सतरा फळे झाली आणि तो उडाला. नर गेल्यावर काका आपल्याला झाडाखाली घेऊन गेले. विष्ठेत आणि पाचोळ्यात चपट्या, रेशमी लव असलेल्या काजऱ्याच्या बिया पडल्या होत्या. त्यांतली एक उचलून तुम्ही तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "ही तर आपली जुनी पावली." काका हसले. बैठकीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या वहीतल्या लाल रेघेखाली त्यांची मूळ ओळ पुन्हा लिहिली, पक्ष्याचे पूर्ण नाव घातले, माझी चूक झाल्याचे नोंदवले आणि सही केली. त्यानंतर काकांनी एकही आठवडा चुकवला नाही. मादी आत असेपर्यंत नर दिवसाकाठी किती खेपा करतो याची त्यांनी ठेवलेली पाने ही आमच्या वर्षभराच्या कामातली सर्वांत मोलाची पाने आहेत, असे माझे मत आहे. ढोली असलेली जुनी झाडे लाकडासाठी तुटत असताना कोणत्या झाडावर घरटे आहे हे पुराव्यानिशी सांगता येणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

याच घरट्यावरून तुम्ही विचारलेत, की ही नोंद कोणाकोणाला दिसणार. तोपर्यंत तो प्रश्न कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. छायाचित्रांसाठी माणसांची रीघ लागली तर नर फळे घेऊन झाडावर उतरायला बिचकतो आणि आत कोंडून बसलेली मादी आणि पिल्ले उपाशी राहतात. तेव्हापासून घरट्यांच्या जागा आम्ही झाकून ठेवतो, वहीत झाडाला फक्त क्रमांक असतो आणि क्रमांकांची किल्ली गावातच राहते.

'परतीची फेरी' हा शब्द मी त्यानंतर सोडला नाही. दर महिन्याच्या शेवटी प्रत्येक वहीचे काय झाले, कोणती ओळ पुढे गेली, कोणती अडली आणि का अडली, हे सांगायला मी घरोघर जाऊ लागले. पावसात लावणी आटोपल्यावर देवळात आपण सगळे जमलो तेव्हा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल मी मराठीत सांगितला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवरून ९४२ जातींचा त्यात विचार केलेला आहे, हे ऐकून अंगणवाडीच्या बाईंनी हळूच विचारले, "म्हणजे पुढच्या वेळी त्यात आमची रिकामी पानेही धरणार का?" धरणार, असे मी ठामपणे सांगू शकले. मोर वाढले आहेत याला सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण भाजीच्या वाफ्यांवर ते रोज अनुभवतात. आणि नीलपंख घटला आहे असे म्हणताच वायरमन म्हणाले की तारांवर तो पूर्वी हमखास बसलेला असायचा, आता हिवाळ्यात एखादाच दिसतो. त्या रात्री प्रथमच मला वाटले की अहवाल आणि गाव एकमेकांशी बोलत आहेत. ती बैठक तुम्ही सुचवलेल्या वेळी, तुम्ही सुचवलेल्या जागी झाली होती आणि तुम्ही नेहमीप्रमाणे मागच्या खांबाला टेकून बसला होतात.

काकूंचेही आभार मानायचे आहेत. रात्रवस्तीहून पहाटे परतल्यावर त्यांनी मला कधी उपाशी पाठवले नाही, आणि मी तापाने आजारी पडले त्या पाच दिवसांत त्यांनी केलेली पेज मी विसरणार नाही.

मास्तर, मे महिन्यातल्या एका पानाची मी नक्कल करून घेतली आहे. बेहडा क्रमांक चार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. ढोलीचे तोंड फुटलेले, मादी बाहेर, पिल्लू शेजारच्या फांदीवर. काकांनी सांगितले आणि तुम्ही लिहिलेत, आणि 'चढले' या रकान्यासमोरच्या 'उतरले' या रकान्यात तुमच्या वळणदार अक्षरात २ हा आकडा घातलात. मूळ वही मात्र अजून माझ्याकडेच आहे, नकला काढायच्या म्हणून नेलेली. ५ नोव्हेंबरला, पक्षी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, ती परत द्यायला येते आहे. नवा प्रशिक्षणार्थीही माझ्यासोबत असेल. आम्ही संध्याकाळच्या मुक्कामाच्या गाडीने येऊ.

तुमची कृतज्ञ,
कोल्हापूरची बाय