टोलची मुदत वर्षांत नको, रुपयांत ठरवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : महापालिकांनी खासगी भांडवलातून बांधायच्या रस्ते व पुलांच्या करारांतील वसुलीची मुदत.

महोदय,

पुणे महापालिकेने काही रस्ते आणि पूल खासगी भागीदारीतून, रोख रकमेऐवजी क्रेडिट नोट (महापालिकेला द्यायच्या शुल्कातून वळती करता येणारी पत-पावती) देऊन, करून घेण्याचा मार्ग धरला आहे. त्यात वाहनचालकांकडून टोल घेतला जात नाही, हे मान्य. परंतु तिजोरीत खडखडाट असलेल्या महापालिकेपुढे उद्या टोलचा प्रस्ताव आला, तर तो कोणत्या अटींवर स्वीकारायचा हे आजच ठरलेले बरे.

कोल्हापुरात ते आधी ठरले नव्हते. शहरांतर्गत सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी तेथील महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि खासगी कंपनी यांच्यात करार झाला, प्रकल्पाची किंमत 220 कोटींच्या घरात होती आणि वसुलीची मुदत चक्क 30 वर्षे. घरातून बाजारात जायलाही टोल, ही कल्पना कोल्हापूरकरांनी मान्य केली नाही. अखेर टोल रद्द झाला, कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्यांनी तो रस्ता कधी पाहिलाही नाही त्यांच्याही खिशातून गेली. कंपनीला फायद्याचा करार समोर आला, तिने सही केली. दोष करार लिहिणाऱ्यांचा.

पुणेकरांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलवसुलीचे हक्क 2004 मध्ये 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन 15 वर्षांसाठी दिले गेले. ती मुदत 2019 मध्ये संपली, टोल संपला नाही. पुढच्याच वर्षी 8,262 कोटींचा नवा करार झाला. पहिल्या करारात वाहनसंख्या अंदाजापेक्षा वाढली तर जादा रकमेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न वर्षानुवर्षे वादात राहिला, कारण वसुली थांबण्याची अट कॅलेंडरवर होती, जमलेल्या रकमेवर नव्हती.

ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीवरील दोन पुलांसाठी नेमके उलट केले गेले. तेथील कंपनीला 1989 च्या किमतींनुसार 102.9 कोटी पौंड मिळेपर्यंतच वसुलीचा हक्क होता. ती रक्कम पूर्ण होताच जानेवारी 2018 मध्ये पूल सरकारकडे आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोल बंद झाला. चिलीमध्ये सांतियागोहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गाचा 1998 मधील लिलावही याच तत्त्वावर झाला. सर्वांत कमी एकूण महसुलावर जो तयार, त्याला काम. रहदारी घटली तर मुदत आपोआप लांबते, त्यामुळे कंपनीचीही जोखीम कमी होते, आणि रहदारी वाढली तर नागरिक लवकर सुटतात.

आपल्याकडे ‘वाहने मोजणार कोण’ ही जुनी सबब आता टिकणारी नाही. फास्टॅगमधून प्रत्येक नाक्यावरील वसुलीची नोंद होतेच. ती दरमहा महापालिकेच्या संकेतस्थळावर येण्यास अडचण असलीच तर ती इच्छाशक्तीची आहे.

म्हणून विनंती अशी की, कोणत्याही महापालिकेला टोल किंवा वापर शुल्काचा करार करताना वसुलीची एकूण रक्कम आणि व्याजाचा दर करारातच लिहिणे बंधनकारक करावे, रक्कम पूर्ण झाल्यावर मुदतवाढीस शासनाचीही परवानगी नसावी आणि कराराचा मसुदा मुख्य सभेच्या मंजुरीपूर्वी किमान 60 दिवस मराठीत जाहीर व्हावा.

आपला,
पुण्यातील एक करदाता