ताईच्या दुकानाचा चुकारा

वसमत,
घटस्थापनेच्या आधीचा रविवार

प्रिय बाळ्या,

इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा तसाच आहे, बाबांची साखर आटोक्यात आहे. एवढ्यावर भागव, कारण खरं लिहायचंय ते वेगळंच आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

ताईचं ऑनलाइन दुकान ठरलं. हळद, बोरसुरीची तूर डाळ, बदनापूरकडच्या दगडी ज्वारीचं पीठ. पुड्या छापून आल्या, वेबसाइट उभी राहिली. अडलंय ते पेमेंट गेटवेवर, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीवर. एका कंपनीच्या पोरानं फोन करून कार्डाला १.६ टक्के दर सांगितला. बाकीचे २ टक्के सांगतात, म्हणून ताई लगेच सही करायला निघाली आणि भाऊजी तिच्या बाजूनं. आता तुझ्या काकांचा मोंढ्यातला आडत्या आठव. क्विंटलमागं चार पैसे जास्त लावायचा, आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी द्यायचा? त्यावरून आपण किती भांडलो! तू चढ्या दराच्या बाजूनं, मी वेळेवर चुकाऱ्याच्या. तेच भांडण आता ताईच्या ओसरीवर येऊन बसलंय, आणि तिथं मी एकटा आहे.

हिशोब करून बघ. जीएसटी बाजूला ठेवून ८०० रुपयांच्या ऑर्डरवर २ टक्के म्हणजे १६ रुपये. हातात ७८४ रुपये. १.६ नं धरलं तर कापले जातात १२ रुपये ८० पैसे. ऑर्डरमागं फरक ३ रुपये २० पैशांचा. महिन्याला २०० ऑर्डर धरल्या तरी ६४० रुपये. तोही सगळ्यांनी कार्डानं पैसे दिले तर. आपल्याकडचं गिऱ्हाईक यूपीआयवालं. यूपीआय आणि रुपे डेबिटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापायचा दर, शून्य आहे. म्हणजे ज्या दराचं कौतुक चाललंय तो दर निम्म्याहून जास्त विक्रीला लागूच नसायला पाहिजे. पण काही कंपन्या यूपीआयवरही 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून सरसकट कापतात. म्हणून त्या पोराला एकच दर विचारायचा नाही. यूपीआय, रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट, नेटबँकिंग, परदेशी कार्ड, प्रत्येकाची वेगळी ओळ ईमेलवर मागायची. डेबिट कार्डाच्या एमडीआरला आरबीआयनं २०१८ पासून मर्यादा घातलीय: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला तशी मर्यादा नाही. अमेक्स, डायनर्स, कंपनीची कार्डं, परदेशी कार्डं यांना दर ३ टक्क्यांच्या घरात जातो. आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कुणी २००० च्या वर पैसे दिले तर तिथंही कापतात. दिवाळीला पाच किलो हळद घेणारा नेमका तसाच निघतो.

हे दराचं झालं, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात किरकोळ आहे. बचत गटातल्या बायकांकडून हळकुंड रोखीनं घ्यावं लागतं, गिरणीवाला उधार ठेवत नाही. पैसे अडकले की दळण थांबतं, दळण थांबलं की ऑर्डरी रद्द होतात. म्हणून ताईला विचारायला सांगितलं: पैसे खात्यात कधी? सगळे 'टी प्लस टू', म्हणजे विक्रीनंतर दोन दिवसांनी, म्हणतात, पण ते कामकाजाचे दिवस असतात. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारच्या आधी शुक्रवारी झालेली विक्री मंगळवारी येते. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज लागून आले की अजून पुढं. लगेच पैसे देण्याची सोय असते, पण तिची फी वेगळी.

त्याहून वाईट म्हणजे होल्ड. नोंदणी करताना महिन्याची अंदाजे विक्री विचारतात. ताई भीतभीत पन्नास हजार लिहिणार, आणि दिवाळीच्या आठवड्यात चार लाखांचं गेलं तर त्यांच्या जोखमीच्या विभागाला ते लबाडीसारखं दिसतं. ते सेटलमेंट, म्हणजे आपल्या खात्यात यायचे पैसे, रोखतात आणि कागद मागतात. यावर उपाय आधीच करायचा. फॉर्मवर सणाची विक्री धरून आकडा लिहायचा, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ईमेल करायचा की अमुक तारखांना एवढ्या ऑर्डरी, सरासरी एवढ्या रुपयांच्या येतील. हळकुंडाची खरेदीची बिलं, गिरणीच्या पावत्या, कुरिअरचे नंबर एका फोल्डरमध्ये तयार ठेवायचे. करारात 'रिझर्व्ह' शब्द कुठं आलाय तेही शोधायचं. काही कंपन्या विक्रीतला ठरावीक हिस्सा कित्येक महिने दाबून ठेवण्याचा हक्क राखून ठेवतात. १.६ वाल्याच्या करारात ते कलम आहे. किती टक्के, किती दिवस, हे मात्र लिहिलेलं नाही. मला झोप येत नाही ती याच्यावरून.

तू म्हणशील, मग पैसे बुडाले तर? बुडण्याची भीती मला कमी वाटते, कंपनी आरबीआयच्या यादीतली असेल तर. मार्च २०२० च्या नियमांपासून पेमेंट अ‍ॅग्रिगेटरला, म्हणजे दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपनीला, आरबीआयची परवानगी लागते आणि दुकानदारांचे पैसे बँकेत एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात. ते कंपनीला आपल्या खर्चाला वापरता येत नाहीत. यादी आरबीआयच्या साइटवर आहे. मात्र तिथं कंपनीचं नोंदणीकृत नाव असतं, जाहिरातीतलं नाही. ते नाव कराराच्या पहिल्या पानावर सापडतं. ते नसेल तर दर फुकट असला तरी नको.

आता कागदांचं ऐक, हा तुझा प्रांत आहे. ताईचं पॅन तिच्या नावावर, बँक खातं गटाच्या नावावर, उद्यम नोंदणीत तिसरंच नाव. हे चालणार नाही. गेटवेवाले खात्यात एक रुपया टाकून खातेदाराचं नाव तपासतात, आणि ते पॅनशी जुळलं नाही की अर्ज परत. एकतर सगळं ताईच्या नावावर मालकीचा धंदा म्हणून करा, नाहीतर सगळं गटाच्या पॅनवर. मला गटाचं बरं वाटतं, ताई म्हणते सह्यांना बायका गोळा होत नाहीत. वेबसाइटवर पत्ता-फोन, अटी, खासगीपणा, परतावा आणि माल पोहोचवण्याचं धोरण अशी पाच पानं लागतात, आणि ती कुणाची तरी उचललेली नकोत. मुंबईच्या कपड्याच्या दुकानाचं धोरण हळदीच्या साइटवर दिसलं की अर्ज अडकतो. खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही तयार ठेवायचा. परराज्यात हळदीची पहिली पुडी गेली की जीएसटी नोंदणी लागते, ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी न लागण्याची सूट तिथं उपयोगाची नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत, राहून तर परराज्यात माल विकताच येत नाही. नियमित नोंदणी झाली म्हणजे गेटवेच्या फीवरच्या जीएसटीची वजावट मिळते, तेवढं भाऊजींना सांग, खूश होतील.

सगळ्यात जास्त फोन कशाचे येणार माहीतंय? 'पैसे कटले, ऑर्डर दिसत नाही.' गिऱ्हाईक पिन टाकतं, बँकेतून पैसे जातात, आणि तेवढ्यात रेंज जाते किंवा फोन दुसऱ्या अ‍ॅपवरून परत आपल्या साइटवर येतच नाही. साइट ब्राउझर परत येण्याची वाट बघत बसली तर ऑर्डर कधीच होत नाही. म्हणून वेबहुक पाहिजे. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट कळवतो की पैसे आले. साइट करणाऱ्या पोराला तीन गोष्टी विचार. वेबहुकची सही तपासतो का? तपासली नाही तर कुणीही खोटा निरोप पाठवून फुकट हळद नेईल. एकच निरोप दोनदा आला तर दोन ऑर्डरी तर होत नाहीत ना? आणि ऑटो-कॅप्चर, म्हणजे मंजूर झालेली रक्कम आपोआप उचलणं, चालू आहे का? नसेल तर रक्कम नुसती 'ऑथराइज्ड', म्हणजे मंजूर, राहते आणि थोड्या दिवसांनी गिऱ्हाइकाकडं परत जाते. माल गेलेला, पैसे नाहीत. रक्कम बहुतेक ठिकाणी पैशांत पाठवावी लागते, ८०० रुपयांचे ८००००. तयार प्लगइन असेल तर ते आपोआप होतं. त्या पोराला स्वतः कोड लिहायची हौस आहे, म्हणून सांगतो.

फोन आला तर ताईनं 'पुन्हा पैसे भरा' म्हणायचं नाही. आधी गेटवेचा डॅशबोर्ड बघायचा. पैसे खरंच मध्येच अडकले असतील तर आरबीआयच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वाक्य छापून फोनजवळ चिकटवायला सांगितलंय.

कार्ड नंबर फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाकडूनच घ्यायचा नाही. मामींनी आधीच एकाला 'फोटो पाठवा' म्हटलंय! १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्ड नंबर साठवायला बंदी आहे, नंबराऐवजी दिलेला बदली आकडा, म्हणजे टोकनच चालतं. गेटवेचंच पान उघडू दे, म्हणजे कार्डाचा आकडा आपल्या साइटला शिवतच नाही आणि सुरक्षेचे कागदही कमी लागतात.

रिफंड दिला तरी कापलेली फी बहुधा परत मिळत नाही. तो पुढच्या सेटलमेंटमधून वजा होतो, आणि तिथं शिल्लक नसेल तर अडकतो. चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाइकानं बँकेकडं तक्रार करून पैसे परत मागणं, आला तर उत्तराला मोजकेच दिवस असतात. ओटीपी झालेल्या व्यवहारात 'कार्ड मी वापरलंच नाही' ही तक्रार बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, पण 'माल मिळाला नाही' ही आपल्यावरच येते. बिल, कुरिअरची पोच, वजनकाट्यावरच्या पुड्याचा फोटो ठेवायचा. ईमेल रोज उघडणाऱ्या माणसाचा द्यायचा. भाच्याचा दिलाय, आणि तो पुण्यात.

शेवटी, एकाच कंपनीला सगळं बांधायचं नाही. पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशात पैसे घेणं थांबवलं, तेव्हा त्याच्यावरच बसलेल्यांची धावपळ झाली. दुसऱ्या गेटवेचं केवायसी आत्ताच करून ठेवावं, बंद ठेवलं तरी चालतं. नोंदणी फी, वार्षिक फी नसणारा बघावा. आणि सेटलमेंटचा एक्सेल यूटीआर नंबरासकट (बँकेतल्या जमेचा ओळख क्रमांक) देणारा हवा, कारण पासबुकात एका ओळीत चाळीस ऑर्डरींचे पैसे येतात आणि ताईला वहीत ते एकेक लावायचेत.

माझं मत २ टक्केवाल्याच्या बाजूनं आहे. यूपीआयला त्यानं शून्य लिहून दिलंय, रिझर्व्हचं कलम नाही, आणि नांदेडहून फोन केला तर माणूस उचलतो. पण मी सांगितलं की ताईला वाटतं, हा आपला जुनाच हट्ट. तुझं ती ऐकते. तू चढ्या दराच्या बाजूचा, म्हणून तूच सांगितलंस तर पटेल. घटस्थापनेआधी फोन कर आणि फक्त रिझर्व्हच्या कलमाचं विचार.

तुझी बदली झाली का? वहिनींची शाळा तीच ना? लेकीला दहावीच्या वर्षात क्लास बदलू नका म्हणावं. दिवाळीला आलात तर औंढ्याला जाऊन येऊ.

तुझा,
नाना

ता. क. साइट सुरू करायच्या आधी खऱ्या पैशांनी दहा-दहा रुपयांच्या ऑर्डरी तूच तिकडून टाक: एक यूपीआय, एक रुपे डेबिट, एक क्रेडिट कार्ड. एकीत पिन टाकल्याबरोबर ब्राउझर बंद कर आणि ऑर्डर होते का बघ. एकीचा रिफंड माग. टेस्टची किल्ली, म्हणजे गेटवे नुसत्या चाचणीसाठी देतो तो कोड, साइटवर तशीच राहिली तर पेमेंट यशस्वी दिसतं आणि खात्यात काहीच येत नाही, म्हणून पैसे ताईच्या पासबुकात उतरल्याशिवाय 'झालं' म्हणू नकोस.