कॅप्सूलचं आधी डॉक्टरांना विचार

बाळा,

पार्सल मिळालं. आण्णांच्या कॅन्सरवर द्या म्हणून तू पाठवलेले माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे दोन्ही डबे कपाटात ठेवलेत, सील फोडलं नाही. परवा फोनवर तू चिडलास, माझाबी आवाज चढला, आण्णा आतल्या खोलीत जागेच होते. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून लिहायलेय.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. नोकरीभर सहावी-सातवीला विज्ञान शिकवलं, तेवढ्या बळावर दोन-तीनदा वाचून समजून घेतलं. फेरोप्टोसिस, म्हणजे लोहामुळं होणारा पेशीचा मृत्यू, हे नाव २०१२ ला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्यांनी दिलं. पेशीच्या आवरणात पॉलीअनसॅच्युरेटेड फॅट जास्त असली की ऑक्सिजन तिला लवकर धरतो, लोह असलं की एकीवरून दुसरीवर पसरत जातं आणि आवरणच फाटतं. घाण्याचं करडईचं तेल उन्हाळ्यात उघडं राहिल्यावर खवट होतं ना, तेच पेशीच्या आत. ते थांबवायला पेशीत जीपीएक्स-४ नावाचं एन्झाइम असतंय, ते कमी पडलं की पेशी मेली. आणि बेल्जियमच्या यूसीलूवाँ विद्यापीठातलं २०२१ चं काम, कॅन्सरच्या गाठीच्या आतल्या आम्लधर्मी भागातल्या पेशी डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातलं ओमेगा-३, अधाशासारख्या ओढून घेतात, साठवायला जागा उरत नाही आणि त्यातच मरतात, डीएचएचा खुराक दिलेल्या उंदरांची गाठ हळू वाढली. वाचताना अंगावर काटा आला बघ. माझं लेकरू दिवसभर ऑफिस करून रात्री हे वाचत बसतंय ह्याचा अभिमान कुणाला सांगू, शेजारच्या काकूला सांगितलाच.

पण बाळा, ते उंदीर आहेत. आणि आण्णांच्या फाईलवर ऑक्झालीप्लॅटिन लिहिलंय, ते प्लॅटिनमचं केमोचं औषध. २०१५ ला नेदरलँडच्या लोकांनी निरोगी माणसांना माशाचं तेल देऊन बघितलं तर रक्तात एक फॅटी ॲसिड वाढलं, आणि त्याच फॅटी ॲसिडनं उंदरांमधे केमोचा असर कमी होत होता. आता हेबी उंदीरच, मला कळतं. पण एक उंदीर म्हणतोय द्या आणि दुसरा म्हणतोय देऊ नका, तर मधे आपण दोघांनी कोण ठरवायचं? डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी एक गोळी देणार नाही.

दुसरं, डब्यामागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. त्यात व्हिटॅमिन ई घातलंय, तेल खराब होऊ नये म्हणून घालतात. तूच पाठवलेल्या लेखात आहे की व्हिटॅमिन ई हा फेरोप्टोसिस अडवतो. मग ज्याच्यासाठी द्यायचं त्यालाच आडवं येणारं त्याच गोळीत बसलंय, हे तुझ्या ध्यानात आलं होतं का? विचार डॉक्टरांना.

शाळा घ्यायले बघ मी, राग मानू नको. सवय जात नाही.

शेंगदाणा तेल बंद करून नुसतं करडईचं द्या म्हणालास, ते कुठून आलं तेबी सापडलं. शेंगदाण्यात ओलिक ॲसिड भरपूर, आणि २०२० च्या संशोधनात ओलिक ॲसिडनं मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या, पेशींना ह्या मरणापासून वाचवलं असं निघालं. करडईत लिनोलिक, म्हणजे ती ऑक्सिजन लवकर धरणारी पॉलीअनसॅच्युरेटेड फॅट, साधारण तीन चतुर्थांश. पण आण्णा सध्या काय खायलेत ते तू बघितलं नाहीस रे. अर्धी भाकर दुधात कुस्करून, आणि तोंडाला चव असली तर शेंगदाण्याची चटणी, वरून कच्चं तेल. केमोमुळं स्टीलच्या गार तांब्याला हात लागला की बोटाला मुंग्या येतात म्हणून पाणीसुद्धा कोमट करून देते. वजन उतरायलंय. जे पोटात जातंय त्यातलं मी काही काढून घेणार नाही. जवसाची चटणी करते, त्यांना आवडते म्हणून, बाकी जवसातलं ओमेगा-३ शरीरात जाऊन डीएचए फार थोडंच होतं.

करडईवरून आठवलं. तू तिसरी-चौथीत असशील, आण्णा पहाटे दव असतानाच काढणीला जायचे कारण उन्हं चढली की काटे कडक होतात, हाताला फडकी गुंडाळून कापायचे. तू हट्टानं मागं गेलास आणि पोटरी भरून काटे घेऊन आलास. त्यांनी ओसरीवर बसवून सुईनं एकेक काढला, रडला नाहीस, उलट ह्याला काटे कशाला असतात विचारत राहिलास. आण्णा म्हणाले, हा शेती करणार नाही, हा विचारत बसणार. किती आनंदानं म्हणाले होते ते.

मग आता विचार ना बाळा. तेवढंच म्हणणं आहे माझं.

मला भीती वाटते ती गोळीपेक्षा तुझी. तू सगळा जीव ह्या डब्यात घातलायस. उद्या रिपोर्ट मनासारखा नाही आला तर म्हणशील आईनं गोळ्या दिल्या नाहीत म्हणून. किंवा दिल्या आणि बिघडलं तर स्वतःला खाशील. दोन्ही मला नको. झोपत जा रे, रात्री दोनला मेसेज दिसतात तुझे.

पुढची केमो मंगळवारी आहे, ताई येणार आहे सोबत. तू सोमवारच्या रात्रीच्या गाडीनं ये, डॉक्टरांसमोर डबा ठेवू, तुझे कागदबी ठेव, ते द्या म्हणाले तर त्याच दिवशी मी स्वतः सुरू करते. नको म्हणाले तर वाद घालू नको, का नको ते नीट विचार आणि लिहून घे. आण्णांजवळ तोवर गोळ्यांचा विषय काढू नको, ते तुझं मन राखायला न विचारता घेतील.

तुझी,
आई