बागेच्या मागच्या कोपऱ्यासाठी मदत हवी आहे

सस्नेह नमस्कार,

मागच्या वर्षी साफसफाई करताना कुंपणालगतचं रुईचं झुडूप आपणच उपटून टाकलं. ते पाचोळ्यावर सुकत पडलं, तेव्हा दिसलं की पानांखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आहेत. एका फुलपाखराच्या या अळ्या रुईवर किंवा तिच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, दुसरी पानं त्यांना चालत नाहीत. बागेत दुसरी रुई नव्हती. त्या वाचल्या नाहीत.

म्हणून मागचा कोपरा देशी झाडांसाठी कायमचा राखायचं समितीनं ठरवलं आहे.

तिथे सध्या घाणेरी माजली आहे. तिच्यावर फुलपाखरं बसतात, मग ती का काढायची, असं काही जण विचारतात. मध मिळतो हे खरंच. पण अमेरिका खंडातून आलेली ही झुडपं आपल्या खाली दुसरं फारसं काही रुजू देत नाहीत, आणि आपल्या बहुतेक फुलपाखरांना त्यांवर अंडी घालता येत नाहीत. नुसती छाटली तर ती बुंध्यातून पुन्हा फुटते, मुळासकट खणूनच काढावी लागते. सगळ्यात जास्त माणसं या कामाला लागतील. कुदळ, पहार, जाड हातमोजे असतील तर घेऊन या.

त्या जागी रुई, अडुळसा, धायटी, कुडा, निर्गुडी लावू, मधल्या मोकळ्या जागेत तेरड्याचं बी टाकू. अडुळसा थंडीत फुलतो, धायटी उन्हाळ्याच्या तोंडावर, मग कुडा, पावसात तेरडा. मधमाश्यांना कुठल्याच ऋतूत उपाशी राहावं लागू नये, एवढाच हिशेब. रोपं कृपया रानातून उपटून आणू नका. बी चालेल, रोपवाटिकेतलं रोप चालेल.

मधमाशी म्हटलं की पोळं आठवतं. पण जगातल्या सुमारे २०,००० जातींपैकी बहुतेक एकेकट्या राहतात आणि निम्म्याहून जास्त जमिनीत बीळ करतात. म्हणून थोडी माती उघडीच ठेवणार आहोत, तिथे फरशी किंवा हिरवळ नको. भुंगे वाळक्या लाकडात घर करतात. घरी मोडलेली जाड फांदी असेल तर जाळू नका, आम्हाला द्या. आणि या कोपऱ्यात कीटकनाशक अजिबात फवारायचं नाही.

पैसे लागणार आहेत ते रोपं, शेणखत आणि पाण्याच्या नळीसाठी. रक्कम कितीही असो, पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब फलकावर लागेल. पहिले दोन उन्हाळे रोज संध्याकाळी पाणी घालणारे हात मात्र पैशांनी मिळत नाहीत. आठवड्यातला एक दिवस देऊ शकत असाल, तर फाटकाजवळच्या वहीत नाव आणि वार लिहा.

खणायला येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सुरुवात करू.

आपली,
उद्यान समिती